दहावं गाणं

“ऐकव!”

तौफिकने टेबलावर अशी थाप मारली की कागदातलं भडंग उडून पिंगळेकाकांच्या स्क्रूच्या डबीत पडलं.

“खरं असंल तर ऐकव की. लाजतीस कशाला?”

“लाजत नाहीये. कॅसेट घरी आहे.”

“मग विषय संपला. तोंडी पुरावा चालत नाही,” प्रसन्न म्हणाला. तो कधी थाप मारायचा नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा, आणि तेवढ्यानंच समोरच्याला आपण हरलो असं वाटायचं. “‘पाणीकपात’मध्ये नऊ गाणी आहेत, शलाका. माझ्याकडे ओरिजिनल आहे. दहावं गाणं नाही.”

“माझ्या कॅसेटवर आहे.”

“ऐकव!” तौफिक पुन्हा ओरडला.

हे दोन हजार सहा सालचं. मी सतरा वर्षांची होते, बारावी सायन्सला. सांगलीत पिंगळेकाकांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचं ‘तिठा ऐकू मंडळ’ भरायचं. ‘तिठा’ हा पुण्याच्या तीन पोरांचा मराठी रॉक बँड. तीन अल्बम काढून, आमच्यापैकी कुणालाही प्रत्यक्ष न दिसता, तो कधीच फुटला होता. मंडळात आम्हीही तिघंच. प्रसन्न चौगुले इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तौफिक मुजावर मिरजेच्या एका छापखान्यात, आणि मी. काका मंडळात नव्हते. ते फक्त डेक चालवायचे आणि म्हणायचे, “भांडा, पण स्पीकरला हात लावू नका.”

नियम एकच. कुणी काहीही दावा केला की बाकीच्यांनी ‘ऐकव’ म्हणायचं, आणि त्यानं स्वतःची कॅसेट डेकला लावून ती जागा ऐकवायची. आठवणीवर कुणी बोलायचं नाही.

त्या रविवारी तीन तास एकच वाद चालला होता: तिन्हीतला सगळ्यात चांगला अल्बम कुठला. प्रसन्नचं मत ‘पहिला गिअर’. तौफिकचं शेवटचा, ‘पत्ता बदलला आहे’.

“त्यात कीबोर्ड आहे,” प्रसन्न म्हणाला होता. “कीबोर्ड आला तिथे तिठा संपला. तिठ्याला तीन रस्ते असतात. चौथा आला की त्याचा चौक होतो.”

“आरं पण गाणी बघ की! तू लेका मेसच्या आमटीत पण ओरिजिनल चव हुडकत बसणारा माणूस.”

“‘पहिला गिअर’ एका रात्रीत टेप केलाय. चुका तशाच ठेवल्यात. त्याला प्रामाणिकपणा म्हणतात.”

“त्याला पैसे नव्हते म्हणतात.”

मी मधल्याच्या बाजूनं. ‘पाणीकपात’च्या. आणि त्या दोघांच्या भांडणात माझ्या अल्बमचं कुणी नावही घेईना, तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, तुम्ही नववं गाणं, ‘मीटर’, संपलं की टेप बंद करता. पण त्यानंतर चार सेकंदं थांबा. मग एकटी गिटार येते. ड्रम नाहीत, पत्र्यावर कुणीतरी बोटं वाजवतंय. एक मुलगा हळू गातो, ‘नळाला पाणी नाही, घरात कुणी नाही. मी आहे, ही आहे, आणि दुपार.’ मागे कुणाचा तरी श्वासासारखा आवाज. आणि शेवटी कुकरच्या तीन शिट्ट्या. नऊ गाणी गावावर चिडलेली आहेत. दहाव्यात तो सगळा राग घरी येतो आणि चप्पल काढून बसतो. म्हणून ‘पाणीकपात’ मोठा.

हे सगळं मी किती वर्षं मनात घोळवलं होतं. कुकरच्या शिट्ट्यांवर तर माझं एक अख्खं भाषण तयार होतं.

तौफिकचे डोळे मोठे झाले. “प्रसन्न्या, पहिला लॉट! मिरजेत आमचा कॅसेटवाला म्हणायचा, पहिल्या लॉटमधलं एक गाणं नंतर काढून टाकलं, बँडमध्ये भांडणं झाली म्हणून.”

“अफवा आहे ती.”

“आणि हिच्याकडं असंल तर?”

प्रसन्नने चष्मा घातला. त्याचा चेहरा थोडा उतरला होता. “पुढच्या रविवारी आण. असलं, तर ‘पाणीकपात’ एक नंबर. मी लिहून देतो. नसलं, तर मंडळात यायचं नाही. खोट्या दाव्याला हीच शिक्षा आहे, तू येण्याच्या आधीपासून.”

“चालेल,” मी म्हटलं.

सायकलवर बसले तेव्हा कळलं, काय पणाला लावलंय. आठवड्यातली तेवढीच एक जागा होती जिथे मी मोठ्यानं बोलायचे.

*

आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाबांचं मेडिकलचं दुकान होतं. ते आता शैलेशदादा चालवायचा. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. कधीतरी तो गिटार वाजवायचा, हे मला तुटक आठवत होतं: खांद्यावर काळी पिशवी, दाराआडून येणारा आवाज. मी नऊ वर्षांची असताना तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात नापास झाला. निकालाच्या दिवशीच बाबांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. बाबा बरे झाले. पण दादानं गिटार देऊन टाकली, स्वतः टेप केलेल्या सगळ्या कॅसेट पुसल्या आणि कॉलेज सोडून काउंटरवर येऊन उभा राहिला. तिठाच्या तीन कॅसेट तेवढ्या त्यानं माझ्या हातात दिल्या. “ठेव तुला,” एवढंच म्हणाला. ‘पाणीकपात’ त्यात कोऱ्या कॅसेटवर उतरवलेली होती. आतल्या कागदावर त्याच्या बारीक अक्षरात नऊ गाण्यांची नावं. दहाव्या ओळीवर नुसती एक रेघ.

आठ वर्षं ती मी त्याच्याच जुन्या वॉकमनवर ऐकत होते. इअरफोनचा डावा कान मेलेला. उजव्या कानात येईल तेवढा तिठा माझा.

सोमवारी कॉलेजमधून परस्पर मेडिकलवर गेले. दादा एका आजोबांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगत होता. ते गेले.

“दादा, ‘पाणीकपात’ तू कुणाच्या कॅसेटवरून उतरवली होतीस?”

“का गं?”

“पहिल्या लॉटची होती का ती? त्याच्यात एक गाणं जास्त आहे.”

तो खोकी लावत होता. हात थांबला नाही, पण सावकाश झाला. “कसलं जास्त?”

“दहावं. ‘मीटर’नंतर. कुकरच्या शिट्ट्या आहेत बघ ते.”

दादानं खोकं फळीवर ठेवलं. उलटं ठेवलं. सरळ केलं. मग पुन्हा उलटं.

“ते आहे अजून?” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“काही नाही. ती कॅसेट दे मला. जुनी झाली असेल, पट्टी अडकेल. नीट करून देतो.”

“रविवारी पिंगळेकाकांकडे न्यायचीय. मंडळात ऐकवायची आहे.”

“न्यायची नाही.”

इतक्या वर्षांत दादा माझ्याशी त्या आवाजात बोलला नव्हता. तेवढ्यात एक बाई आत आल्या, खोकल्याचं औषध म्हणाल्या. त्यानं बाटली दिली. पाच मिनिटांनी त्या परत आल्या. “अहो शैलेश, हे पोटाचं दिलंय तुम्ही.” दादा कधी चुकत नसे. तो इतका लाल झाला की मीच मान खाली घातली.

“शलू, कॅसेट कुठे आहे?” बाई गेल्यावर त्यानं विचारलं.

“मैत्रिणीकडे,” मी खोटं बोलले.

घरी आईला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. “त्याच्यासमोर गाण्याबिण्याचं काढायचं नाही, किती वेळा सांगायचं तुला? आत्ता कुठे तो जरा माणसात आलाय.”

“मी काय केलं? मी तर तिठाबद्दल विचारलं.”

“तेच ते.”

त्या आठवड्यात दादा जेवताना खाली बघून जेवला. बुधवारी ताट अर्धं ठेवून उठला. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. रोज झोपताना मी ठरवायचे की नाही न्यायची. मग प्रसन्नचं ते चष्मा पुसणं डोळ्यांसमोर यायचं. नाही नेली तर मी खोटारडी. नेली तर दादा. आणि एवढं काय आहे त्या गाण्यात, हे कुणी सांगत नव्हतं.

शनिवारी क्लासवरून आले आणि कपाट उघडलं. कॅसेट स्वेटरच्या घडीत ठेवली होती. ती घडीवर होती. डबी बंद, पण उलटी.

मी ती उजेडात धरली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक खिडक्या असतात. तिथले प्लास्टिकचे दात मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही. आतलं गाणं सुरक्षित राहतं. मी ते दात पहिल्याच वर्षी मोडले होते. आता दोन्ही खिडक्यांवर सेलोटेपचे तुकडे चिकटवलेले होते. नीट कापलेले, चौकोनी. औषधाच्या पुड्या बांधणाऱ्या हाताचे.

सेलोटेप एकाच कामासाठी लावतात. पुन्हा टेप करता यावं म्हणून. म्हणजे पुसता यावं म्हणून.

मी वॉकमन काढला. त्यात सेल नव्हते. रेडिओ-टेपचा टू-इन-वन बाबांच्या खोलीत होता, पण संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालेलं. वीज आली तेव्हा बाबा झोपले होते, आणि सकाळी सहाला पुन्हा गेली. पुसलं की नाही, कळायला मार्गच नव्हता. कॅसेट कानाला लावून हलवून पाहिली. वेडेपणाच तो.

रविवारी नऊ वाजता दादा मेडिकल उघडायला निघाला. दारात थांबला. माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. त्याला माहीत होतं की कॅसेट पिशवीत आहे. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे.

“शलू,” तो म्हणाला.

“काय?”

“सायकलला हवा कमी आहे,” म्हणाला आणि गेला.

*

पिंगळेकाकांकडे इन्व्हर्टर होता. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं डेक पुसला, फुंकर मारली.

“आण गं. काय ते पहिल्या लॉटचं.”

माझा हात कॅसेटवरून सुटेना. तौफिकनं नवीन शर्ट घातला होता, लग्नाला आल्यासारखा. प्रसन्न वही उघडून बसला होता, पेनचं टोपण काढून. काकांनी खिडक्यांवरची सेलोटेप पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कॅसेट बी साइडला लावली. पुढे घेत घेत ‘मीटर’च्या शेवटावर आणली.

‘मीटर’ संपलं. नुसती खरखर.

एक. दोन. तीन. चार.

पाच.

काहीच नाही. प्रसन्ननं मान वर केली. पुसलं, मनात आलं, पुसलं त्यानं. सहा. भीतीनं मी भरभर मोजत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि गिटार आली.

मी श्वास सोडला. पण लगेच दचकले. कारण हे माझं गाणं नव्हतं. होतं, पण अर्धंच माझं होतं. काकांचे स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत होते. उजवीकडून तेच आलं जे मी आठ वर्षं ऐकत होते: तार, पत्र्यावरची बोटं, मुलाचा हळू आवाज. डावीकडून दुसरंच काही. मी ज्याला श्वास समजत होते, तो श्वास नव्हता. तिथे कुणीतरी होतं. सतरंजीवर सरकल्याचा आवाज. बांगड्या, प्लास्टिकच्या, छोट्या हाताच्या.

‘नळाला पाणी नाही, घरात कुणी नाही,’ मुलगा गात होता.

आणि डावीकडून, अगदी स्पष्ट, एक बारीक आवाज: “दादा, मी पण म्हणू?”

गाणं न थांबवता मुलगा म्हणाला, “म्हण. पण हळू.” त्याची ही मधली वाक्यं मी आजवर गाण्यातलीच समजत आले होते.

मग दोघं म्हणाले, ‘मी आहे, ही आहे, आणि दुपार.’ बारीक आवाज अर्धा शब्द मागे होता. कुकरची शिट्टी झाली. दुसरी. तिसरी. “दादा, तीन शित्त्या झाल्या,” तो आवाज म्हणाला.

शित्त्या. आई अजून चिडवायची मला त्यावरून. कुकर लावला की बाबा अजून विचारायचे, “शलूबाई, किती शित्त्या?”

मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. सहा वर्षांची मी त्या डाव्या कोपऱ्यात बसले होते, सतरंजीवर, दादाच्या पत्र्याच्या डब्यापलीकडे. आणि सोळा वर्षांचा माझा दादा गात होता. जो गेल्या आठ वर्षांत साधं गुणगुणलासुद्धा नव्हता. कॅसेटच्या शेवटी चार मिनिटं उरली म्हणून त्यानं त्यात आपलं गाणं भरलं असणार. मग ते तिथे आहे हेच विसरला. बाकीच्या सगळ्या पुसल्या. ही राहिली.

“झाल्या तर झाल्या,” टेपमधला दादा म्हणाला. शेवटची तार वाजली.

“परत?” बारीक आवाज.

“उद्या.”

खट्. टेप संपली.

काकांनी कान खाजवला.

“हे तिठा न्हाय,” तौफिक म्हणाला. एरवी तो ओरडला असता.

“नाही,” प्रसन्न म्हणाला. “घरी टेप केलंय. टू-इन-वनच्या माइकवर, दोन टोकांना दोन माइक असतात त्या. कोण आहे हा?”

माझ्या तोंडावर नाव आलं होतं. दादाचा उलटं-सरळ खोकं ठेवणारा हात आठवला. त्याचं अर्धं ताट.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“तुझी कॅसेट आहे.”

“मला वाटलं तिठाच आहे. चुकले. खोटा दावा झाला.” मी उठले. “नियम माहीत आहे मला. जाते.”

डेकजवळ गेले. बटणाला हात लावणार तेवढ्यात प्रसन्न म्हणाला, “थांब.”

मी थांबले. त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही.

“जायचं ते जा नंतर. आधी परत लाव.”

काकांनी रिवाइंड केलं. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. तौफिक मांडीवर बोटं वाजवत होता, त्या पत्र्याच्या ठेक्यावर. प्रसन्नचं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि ते संपूही नये असं वाटत होतं.

“परत?” ती पोर म्हणाली.

“उद्या.”

खट्.

“आयला,” तौफिक डोळे मिटूनच म्हणाला, “मग दुसऱ्या दिवशी वाजवलं का नाय ह्यांनी?”

“नाही वाजवलं.”

आवाज दारातून आला. दादा उभा होता. हातात मेडिकलच्या किल्ल्या. रविवारी सकाळी त्यानं दुकान बंद करून यावं, हे त्या आठ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती,” तो म्हणाला. “मग राहिलं.”

तौफिक आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागला आणि त्याच्या तोंडाचा हळूहळू आ झाला. मी मान हलवत होते, मी नाही सांगितलं, मी काही नाही सांगितलं, असं.

प्रसन्न उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि दादा वळून जाणार, कायमचा.

“ते मधल्या कडव्यात,” प्रसन्न म्हणाला, “चौथी तार लागतच नाही. मुद्दाम सोडलीय ना तुम्ही?”

दादा त्याच्याकडे बघत राहिला.

“मुद्दाम कसली,” तो म्हणाला. “तुटली होती. नवीन आणायला बाबांकडे मागायचं धाडस नव्हतं.”

“मला वाटलंच! म्हणून ते असं पोकळ वाजतं. मी म्हणत होतो ना, चुका तशाच—”

“ह्यो तुझ्या ‘पहिला गिअर’चा प्रचार बंद कर आधी,” तौफिक म्हणाला. “दादा, बसा तुम्ही. भडंग खा. पत्र्याचा डबा कसला होता?”

“लोणच्याचा. पायाच्या बोटांनी वाजवायचो.”

“भरलेला का रिकामा?”

“अर्धा.” दादा स्टुलाच्या कडेवर बसला, लगेच उठता येईल असा. “भरलेला असता तर आवाज मेला असता.”

काका पहिल्यांदाच हसले. “बरोबर.”

“तुमच्या मते कुठला?” प्रसन्ननं विचारलं. “तिन्हीत?”

दादानं भडंगाची चिमूट उचलली. विचार केला. मी त्याला असा विचार करताना पाहिलंच नव्हतं, डोळे बारीक करून, डोकं एका बाजूला.

“‘पाणीकपात’,” तो म्हणाला. “पण ‘मीटर’ शेवटी टाकायला नको होतं त्यांनी. ते तिसऱ्या जागी हवं. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी जो ठेका आहे, तोच ‘मीटर’चा पहिला ठेका आहे. ते गाणं तिथून उचलून नेलंय त्यांनी.”

“ऐकवा!” तिघांच्या तोंडून एकदम निघालं. तिसरी मी होते.

दादा दचकला. मग उठला आणि डेकजवळ गेला. बटणांवर बोटं ठेवली, न बघता.

*

परतताना सायकल काकांच्या दुकानातच ठेवली आणि स्कूटरवर त्याच्या मागे बसले. चौकात त्यानं स्कूटर कडेला घेतली, पण बंद केली नाही.

“पुसायला बसलो होतो शनिवारी,” तो समोर बघत म्हणाला. “तू क्लासला गेल्यावर. लोडशेडिंगच्या आधी.”

“मग?”

“म्हटलं, आधी एकदा ऐकावं.”

“मग?”

“तू मध्येच बोललीस.”

मी त्याच्या शर्टाची पाठ धरून बसले होते. ती घामानं ओली होती.

“माझं पुसायला काही वाटलं नसतं,” तो म्हणाला. “तुझं कसं पुसू? तू विचारत होतीस मला, मी पण म्हणू का.”

मागे हॉर्न वाजायला लागले. दादानं हात मागे केला. “दे.” मी कॅसेट दिली. हँडलवर टेकवून त्यानं नखानं सेलोटेपचा एक तुकडा सोडवला, मग दुसरा. खिडक्या उघड्या झाल्या. टाकायला जागा नव्हती म्हणून दोन्ही तुकडे त्यानं स्पीडोमीटरच्या काचेच्या कडेला चिकटवले. स्कूटर विकली तेव्हाही ते तिथेच होते, पिवळे पडलेले.

दादानं पुन्हा गिटार घेतली नाही. मंडळात मात्र तो येत राहिला, रविवारी दुकान अकराला उघडायचं ठरवून, आणि ‘मीटर’ तिसऱ्या जागी की नवव्या, हा वाद प्रसन्न नोकरीला बंगळूरला गेला तोपर्यंत मिटला नाही.

परवा दादा आमच्याकडे आला होता. माझी मुलगी दुपारी झोपत नाही, हैराण करते. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. बाहेरच्या खोलीतून तिचं रडणं कमी कमी होत गेलं आणि मग अगदी हळू, ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. घरात कुणी नाही. मी आहे, ही आहे, आणि दुपार.

मी पाय न वाजवता दारापर्यंत गेले. ती त्याच्या खांद्यावर होती, तोंड उघडं, झोपलेली. तो पाठीवर बोटांनी ठेका धरत फेऱ्या मारत होता. माझ्या हातातला, रेकॉर्डिंग सुरू केलेला फोन त्याला दिसला.

“ते बंद कर, शलू,” तो कुजबुजला.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. बंद केला नाही.